डिस्क-पॅड ‘बाहेरचे’ टाकावेत का? पसरणी घाटाच्या निमित्तानं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. 2017 ची पेट्रोल स्विफ्ट, 64,000 किलोमीटर झालेली. राहता पाचगणीला, नोकरी वाईला, म्हणजे रोज पसरणी घाट एकदा उतरायचा आणि एकदा चढायचा. गेले दोन महिने घाटाच्या खालच्या वळणांवर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं पुढचे ब्रेक-पॅड आणि दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, ज्यांना पॅड दाबून गाडी थांबवतात) बदलायचं साडेअकरा हजारांचं एस्टिमेट दिलंय. वाईतला एक पार्टवाला त्याच्या निम्म्यात करून देतो म्हणतोय. बाहेरचे पार्ट घाटात चालतील का, की जिवाशी खेळ होईल, हे तुम्हाला विचारायचंय.

यात प्रश्न दोन आहेत. डिस्क बदलायची गरज आहे का, हा पहिला. बदलायची असेल तर कोणती, हा दुसरा. तुम्ही थेट दुसऱ्यावर गेलात, आणि सर्व्हिस सेंटरनंही तेच केलं. मी पहिल्यापासून सुरू करतो, कारण पहिला चुकला तर अस्सल डिस्क टाकूनही चार-सहा महिन्यांत स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागेल आणि तुम्ही डिस्कला शिव्या घालत बसाल.

साताऱ्यात सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय. महाबळेश्वर-पाचगणीच्या भाड्याच्या गाड्या बऱ्याच येतात, त्यामुळे घाटातल्या ब्रेकचं काम आमच्याकडे आठवड्याला ठरलेलंच. तरी तुमची गाडी मी पाहिलेली नाही. जिथे ‘बघूनच सांगता येईल’ असं लिहीन तिथे ती पळवाट समजू नका, तिथे खरोखरच चाक खोलावं लागतं.

थरथर म्हटलं की ‘डिस्क वाकली’ हे वाक्य तयारच असतं. आमच्या धंद्यातले नव्वद टक्के लोक तेच बोलतात, मीही कित्येक वर्षं बोललो. प्रत्यक्षात डिस्क बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते आणि रस्त्यावरच्या गाडीत ती सहसा पापडासारखी वाकत नाही. होतं ते असं. डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) अगदी सरळ बसलेली नसते, फिरताना किंचित डुलते. पॅड सुटा असतानाही प्रत्येक फेरीत डिस्कचा तोच भाग पॅडला घासत राहतो. कालांतरानं डिस्कची जाडी एका बाजूला कमी आणि दुसरीकडे जास्त होते. किंवा गरम पॅडचं मटेरियल डिस्कवर ठिगळासारखं चिकटतं, एका जागी जास्त, एका जागी कमी. जाडीतला फरक दोन शतांश मिलिमीटर झाला तरी पायाला आणि हाताला कळतो. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी आकडा आहे हा, म्हणून नुसतं बघून ‘वाकलीय’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता डिस्क डुलते कशामुळे? तर बहुतेक वेळा हबवरच्या गंजामुळे, नाहीतर चाकाचे नट वेडेवाकडे आवळल्यामुळे, क्वचित बेअरिंग गेल्यामुळे. पाचगणीचा पावसाळा तुम्हाला मी सांगायला नको. चार महिने गाडी ओलीच. हब आणि डिस्क यांच्या मधल्या सांध्यात गंजाचा थर बसतो. नवी डिस्क टाकताना तो कुणी साफ करत नाही, जुनी हातोडीनं पाडायची आणि नवी वर चढवायची. मधे गंजाचा एक कण राहिला की कडेपर्यंत जाताना डुलणं दुप्पट-तिप्पट होतं.

एक गाडी सांगतो. पाचगणीचीच टॅक्सी, दीड वर्षात दोनदा डिस्क बदललेली, दोन्ही वेळा कंपनीचा अस्सल माल. मालक म्हणाला, ‘आता तिसऱ्यांदा बदलायची, पण तुमच्याकडून.’ चाक काढलं, डिस्क नटांनी हबवर आवळली, स्ट्रटला (शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाला) डायल गेज, म्हणजे डुलणं मोजणारा काटा लावला आणि डिस्क हातानं फिरवली. काटा 0.14 मि.मी. हलला. छोट्या गाड्यांना साधारण 0.05 ते 0.10 च्या आत चालतं. डिस्क काढली तर हबच्या तोंडावर चॉकलेटी पापुद्रा, नखानं खरवडला की निघणारा. तारेचा ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर, पुसून तीच डिस्क परत बसवली: 0.04. आधीच जाडीत फरक पडला होता म्हणून लेथवर हलका हात मारून घ्यावा लागला, पण नवीन डिस्क लागली नाही. त्यालाही आता दोन पावसाळे झाले. साडेअकरा हजारांच्या एस्टिमेटमध्ये हब साफ करण्याची ओळ आहे का, तेवढं बघा. बहुधा नसेल.

त्याआधी थरथर पुढच्या डिस्कचीच आहे ना, याचीही खात्री करा. ब्रेक दाबल्यावरच आणि स्टिअरिंगमध्ये येत असेल तर बहुतेक पुढची. स्टिअरिंग शांत आणि सीटला हादरे येत असतील तर मागचे ड्रम बघायचे. ब्रेक न दाबताही ऐंशीच्या पुढे थरथरत असेल तर बॅलन्सिंग किंवा टायर, ब्रेकचा काही संबंध नाही. आणि करकचून ब्रेक मारल्यावर पेडल टकटक उडतं ते एबीएसचं (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम, तो बिघाड नाही.

डिस्क मोजायची कशी ते सांगतो, घरी करता येतं. प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली किंवा ओतीव असते: बाहेरच्या कडेला, नाहीतर मधल्या टोपीवर, ‘मिन’ (MIN) अशी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा. गंजाखाली लपला असेल तर ब्रशनं घासा. सध्याची जाडी मोजताना व्हर्नियर नुसता कडेवर लावू नका. पॅड घासतो तो भाग खोल जातो, कडेला न घासलेला ओठ उभा राहतो आणि व्हर्नियरचे जबडे नेमके त्या ओठावर बसतात. मग झिजलेली डिस्क नव्यासारखी वाचता येते. गॅरेजमध्ये आम्ही मायक्रोमीटर वापरतो. घरी असाल तर एकाच किमतीची दोन नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना ओठाच्या आत धरा, नाण्यांसकट मोजा, मग नुसती दोन नाणी मोजून वजा करा. अशा तीन-चार जागा मोजा. शतांशातला फरक याने कळणार नाही, पण डिस्क मर्यादेच्या किती वर आहे ते नक्की कळेल.

समजा नवी डिस्क 20 मि.मी.ची आणि मर्यादा 18. तुमची भरली 19.2. लेथवर दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा मि.मी. गेला तर राहिली 18.7. सपाटीवरच्या गाडीला मी डोळे झाकून स्किमिंग (लेथवर पातळ थर कापून डिस्क सपाट करणं) करून देईन. तुमच्या रोजच्या घाटासाठी मात्र थोडा विचार करावा लागतो. पातळ डिस्क लवकर तापते, कारण उष्णता साठवायला बीडच कमी. माझा स्वतःचा नियम असा: स्किमिंगनंतर मर्यादेच्या वर अर्धा मि.मी.सुद्धा उरत नसेल तर घाटातल्या गाडीला नवीन डिस्क. डिस्कवर निळे-जांभळे डाग असतील किंवा बारीक तडे गेलेले असतील तर जाडी कितीही असो, नवीनच. आणि लेथवाला माहितीचा हवा. ट्रकचे ड्रम कापणाऱ्याकडे कारची डिस्क दिली तर तो घाईत एका पासात कापतो आणि ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पाडून देतो.

आता तुमचा मूळ प्रश्न: अस्सल की बाहेरचा.

‘अस्सल’ म्हणजे काय ते आधी समजून घ्या. गाडी बनवणारी कंपनी पॅड स्वतः बनवत नाही. ब्रेक बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. चेन्नईच्या ब्रेक्स इंडिया किंवा राणेसारख्या कंपन्या वाहन कंपन्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातही बाजारात विकतात. म्हणजे ‘बाहेरचा’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या जातीचा माल येतो. पहिला, वाहन कंपनीला पुरवणाऱ्याच कारखान्याचा, दुसऱ्या डब्यातला. दुसरा, नाव असलेल्या पण फक्त बाजारासाठी बनवणाऱ्या कंपनीचा. तिसरा, ज्याच्या डब्यावर पत्ता धड नसतो, किंवा नाव मोठ्या कंपनीचं आणि आत भलतंच, ज्याला काउंटरवर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. पहिला मी स्वतःच्या गाडीत टाकतो. दुसरा बघून. तिसरा फुकट दिला तरी नको.

पहिल्या जातीतही एक मेख आहे. कारखाना एक असला म्हणून मिश्रण एकच असतं असं नाही. वाहन कंपनीनं मागितलेलं मिश्रण आणि बाजारासाठीचं मिश्रण वेगळं असू शकतं. त्यामुळे ‘साहेब, हाच माल कंपनीत जातो’ हे वाक्य ऐकलं की मान डोलवा, पण पॅड उलटा करून बघा.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर छापलेल्या कोडच्या शेवटी बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी वगैरे. ती घर्षणाची प्रत सांगतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. घाटवाल्यानं दुसऱ्या अक्षराकडे बघायचं. पहिलं एफ आणि दुसरं ई असेल तर तो पॅड गार असताना गोड आणि तापला की रुसणारा. तुम्हाला किमान एफएफ हवा. यावरून पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल, आवाज करेल का, यातलं काहीच कळत नाही. पण निदान काउंटरवर उभं राहून विचारायला एक नेमका प्रश्न मिळतो.

दुसरी खूण युरोपच्या आर-90 या नियमाची. वर्तुळात ई अक्षर, त्याच्यासोबत देशाचा आकडा, आणि जवळ 90आर ने सुरू होणारा क्रमांक. या नियमाखाली बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत आहे का हे तपासतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या पॅडवर ती खूण दिसत नाही. नसली म्हणजे माल वाईट असंही नाही. असली तर माझा हात त्या डब्याकडे आधी जातो, एवढंच.

मिश्रणाबद्दल थोडं. जपानी घराण्याच्या छोट्या गाड्यांत मूळ पॅड बहुधा ऑरगॅनिक जातीचे असतात. आवाज कमी, काळी धूळ कमी, डिस्कला जपून वागणारे, पण फार तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा चुरा आणि तंतू जास्त. उष्णता सोसतात, पण सकाळच्या गारठ्यात पहिले दोन ब्रेक ढिले लागतात, चाकं काळी करतात, कधी कुरकुरतात आणि डिस्क थोडी लवकर झिजवतात. ‘सिरॅमिक’ हा शब्द आजकाल कुठल्याही डब्यावर छापतात, त्यामुळे त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. रोज घाट उतरणाऱ्याला मी नावाजलेल्या कंपनीचा सेमी-मेटॅलिक किंवा त्याच्या अलीकडचा कमी धातूचा पॅड सुचवतो, आणि आवाज थोडा येईल हे आधीच सांगतो. तुमचा घाट आठवड्यातून एकदाच असता तर मूळ जातीचाच पॅड टाका म्हटलं असतं.

डिस्कचं गणित पॅडपेक्षा सोपं आहे. पॅड म्हणजे स्वयंपाक, मसाल्याचं प्रमाण घरोघरी वेगळं. डिस्क म्हणजे बीडाचं ओतकाम आणि त्यावर मशिनिंग. चांगल्या कंपनीची बाहेरची डिस्क अस्सलच्या तोडीस तोड चालते, असा माझा अनुभव. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर डिस्कमध्ये वाचवा, पॅडमध्ये नाही. बहुतेक गिऱ्हाइकं नेमकं उलटं करतात, कारण डिस्क मोठी आणि जड दिसते.

स्वस्त डिस्क ओळखायची तर जुनी सोबत न्या आणि दोन्ही काट्यावर ठेवा. नवी डिस्क झिजलेल्या जुनीपेक्षा हलकी भरली, तर कुठेतरी बीड चोरलंय. मग कडेकडून आत बघा. हवा खेळायला दोन तबकड्यांमध्ये पडदे असतात. ते मोजा, जुनीत जेवढे तेवढे आहेत का बघा. दोन्ही तबकड्यांची जाडी सारखी आहे का पाहा. ओतताना आतला गाभा सरकला तर एक तबकडी जाड आणि एक पातळ होते, अशी डिस्क तापल्यावर एकसारखी पसरत नाही. मधलं भोक हबवर हातानं घट्ट बसायला हवं, खुळखुळता कामा नये. टोपीची उंची जुनीला लावून बघा. हे सगळं दुकानातच, बिल करायच्या आधी. बिल पक्कं घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या.

भोकं पाडलेल्या, खाचा असलेल्या डिस्क दिसायला झकास. तुमच्या स्विफ्टला नकोत. भोकांच्या कडांपासून तडे जातात आणि बीडही तेवढं कमी होतं.

वॉरंटीची चिंता सोडा, 2017 च्या गाडीची मुदत केव्हाच संपली. तरी जाता जाता सांगतो: बाहेरच्या गॅरेजवाल्यांना अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना 2,500 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे ते प्रकरण अपिलांत गेलं. मला आठवतात ते दिवस, काउंटरवर पार्ट नंबर सांगितला की ‘गाडी घेऊन या’ म्हणायचे. आज कंपनीचा डबा बाजारातल्या दुकानात सरळ मिळतो. तेव्हा तुमच्याकडे तिसरा रस्ताही आहे: अस्सल पार्ट बाहेरून विकत घ्यायचा आणि भरवशाच्या मेकॅनिककडून बसवायचा.

आता घाटाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली खरी भीती तिथे आहे.

पाचगणी ते वाई उतार साधारण 600 मीटरचा. दोन माणसांसह तुमची गाडी 1,100 किलो धरा. एवढं वजन 600 मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते तिच्यात वीसेक लिटर पाणी उकळेल. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच जिरवायची ठरवली आणि पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलोच्या धरल्या, तर हवेनं थंड होणं सोडून दिलं तर त्या 1,300 अंशांनी तापतील. बीड 1,200 च्या आसपास वितळतं. अर्थात तसं होत नाही, कारण वारा लागतो, मागचे ड्रम थोडा भार घेतात, आणि शहाणा ड्रायव्हर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरून इंजिनाला काम लावतो. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरवर उतरायचं, हे जुन्या एसटी ड्रायव्हरांचं गणित अजून चुकलेलं नाही. थरथर तुम्हाला घाटाच्या खालच्या टप्प्यातच का जाणवते, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे: तोवर डिस्क पुरेशी तापलेली असते. तुम्ही चौथ्या गिअरवर किंवा न्यूट्रलमध्ये उतरत असाल तर जगातला कुठलाही पॅड तुम्हाला पुरणार नाही.

आणि ब्रेक ऑइल. शेवटचं कधी बदललं? हा प्रश्न मी विचारतो तेव्हा दहातले आठ जण ‘टॉप-अप केलंय’ म्हणतात. ते उत्तर नव्हे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं कोरडं डॉट 3 (डब्यावर लिहिलेली ऑइलची प्रत) किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ठरावीक प्रमाणात पाणी शिरल्यावर ती हमी 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीला टेकतं. यात पॅड अस्सल आहे की बाहेरचा याला काडीची किंमत नाही. घाटातल्या गाडीला मी दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की, जुनं पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं ऑइल भरतो. डॉट 3 च्या गाडीत डॉट 4 चालतं. डॉट 5 नाही, ते सिलिकॉनचं, त्याचा आणि याचा मेळ नाही.

घाटात ब्रेक कमी लागतोय असं वाटलं तर पाय काय सांगतोय ते ओळखा. पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून पकड सोडतोय. पेडल मऊ होऊन खाली जातंय, म्हणजे ऑइल. दोन्हीत गिअर खाली आणायचा, पेडल मऊ असेल तर भराभर पंप करायचं, जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन अर्धा तास थांबायचं. गरम डिस्कवर पाणी ओतायचं नाही. मागचे ड्रम तापलेले असतील तर हँडब्रेक करकचून ओढून ठेवू नका, गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड द्या.

बसवण्याच्या कामात मी ज्याच्याकडे बघतो ते सांगतो, कारण स्वस्त आणि महाग काम इथेच वेगळं पडतं.

जुने पॅड काढले की फेकायचे नाहीत, ओळीनं मांडायचे. एकाच चाकाचा आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) स्लाइड पिना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या, जाम आहेत. तुमच्याकडच्या ओलाव्यात हे फार होतं. पिना काढून, पुसून, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं. साधं चेसिस ग्रीस लावलं की पिनेचं रबर फुगतं आणि चार महिन्यांत पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. ग्रीसच्या ट्यूबची किंमत बघितली तर यात कुणी काटकसर करावी याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एका बाजूचे दोन्ही पॅड संपलेत आणि दुसऱ्या बाजूचे नाहीत, तर पिस्टन किंवा नळी तपासायची. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे.

पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतलं ऑइल उतू जातं आणि रंगावर पडलं तर रंग उठतो. धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आजच्याही धुळीत फुप्फुसाला चांगलं असं काही नसतं. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं दोन्ही बाजूंनी पुसायचा. नट चांदणीच्या क्रमानं, शेवटचा पिळा टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं). छोट्या गाड्यांना साधारण 80 ते 110 न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. हवेच्या गननं ‘खर्रर्र’ करून आवळलेल्या चाकाबद्दल वर सांगितलंच.

मागचे ड्रमही खोलायला लावा. मागचे लायनर आपोआप ॲडजस्ट होतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. धूळ आणि गंज धरला की ते यंत्र तिथेच रुसून बसतं, मागचा ब्रेक उशिरा लागतो आणि पुढच्या पॅडवर जास्तीचा भार पडतो. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर येत असेल तर ही शंका धरा.

आणि काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल दाबत राहायचं, घट्ट होईपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल पोकळ जातं. आमच्या एका पोरानं वीस वर्षांपूर्वी तसाच रिव्हर्स टाकला. गाडी शेजारच्या रसवंतीच्या कठड्यावर जाऊन थांबली. माणूस नव्हता म्हणून आज हसून सांगतो. तेव्हापासून पॅडचं काम झालं की किल्ली माझ्याकडे येते, पेडल मी दाबतो आणि मगच किल्ली परत जाते.

नवे पॅड आणि डिस्क पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नका. आधी दोघांची ओळख होऊ द्या. वाई-सुरूर रस्त्यावर सकाळी लवकर, मागे कुणी नसताना, साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं चालवून गार होऊ द्यायचं. असं आठ-दहा वेळा. थोडा वास येईल, घाबरू नका. गरम असताना पेडल दाबून एका जागी उभं राहिलं की पॅडचा शिक्का डिस्कवर उमटतो, आणि मग तुमची थरथर नव्या डिस्कवर परत. पुढचे 200-300 किलोमीटर करकचून ब्रेक टाळा.

एवढं सांगून झाल्यावर तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? आधी डायल गेज आणि मायक्रोमीटर असलेल्या माणसाकडून पुढची दोन्ही चाकं खोलून घेतली असती. डिस्क जाडीत बसत असेल तर हब साफ, स्किमिंग, आणि चांगला पॅड. बसत नसेल तर नावाजलेल्या कंपनीची बाहेरची डिस्क आणि पॅडमध्ये हात न आखडता. दोन्ही बाबतींत पिना, ब्रेक ऑइल आणि मागचं ॲडजस्टमेंट त्याच दिवशी. खर्च साडेअकरा हजारांच्या बराच खाली राहील, पण पार्टवाल्याच्या ‘निम्म्या’पेक्षा थोडा वर जाईल. हा वरचा पैसा मजुरीचा आणि ऑइलचा आहे, तो वाचवू नका. पार्टवाल्याला मात्र डब्याचा फोटो पाठवायला सांगा, नुसता भाव नको.

डिस्कच्या कडेवरचा ‘मिन’ आकडा, नाण्यांनी मोजलेली जाडी, आणि जुने चारही पॅड शेजारी-शेजारी ठेवून काढलेला एक फोटो, एवढं टाका. स्किमिंग की नवीन, ते त्यावरून सांगतो. तोवर घाट दुसऱ्या गिअरवर.